बारशाआधीचे अकरा दिवस

शामला झंझाड नवऱ्याच्या मागे स्मशानापर्यंत गेली नव्हती. त्यांच्यात बाया जात नाहीत. देवरावला उचललं तेव्हा ती दारापर्यंत आली. तिथे शेजारणींनी तिचे दंड धरले, आणि तिरडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तशी तिला आत नेऊन डोक्यावरून पाणी घातलं. पुढचं सगळं तिच्या मुलानं, ऋषिकेशनं केलं. तिसऱ्या दिवशी तो राख कन्हान नदीत सोडून रिकाम्या हातांनी परत आला. बावन्न वर्षांच्या शामलाला त्या दिवशी एकच वाटत राहिलं, की माणूस दारातून गेला आणि कुठे गेला ते काही आपल्याला दाखवलं नाही.

आणि हीच बाई दीड महिन्यानं कब्रस्तानात कामाला लागली.

देवराव तिथे माळी होता. झंझाड मूळचे कुही तालुक्यातल्या बोरडीचे. वैनगंगेच्या धरणाचं पाणी वाढलं तेव्हा बोरडी पाण्याखाली गेली. धाकटा भाऊ गोपाळराव नवीन वसवलेल्या गावात राहायला गेला, आणि देवराव बायको-मुलाला घेऊन कामठीला आला. त्याला चौकीदाराचं काम मिळत होतं, राइस मिलमध्ये मिळत होतं. त्यानं कामठी रोडच्या आतल्या बाजूला असलेली ख्रिस्ती लोकांची दफनभूमी निवडली. काहून, ते त्यानं सांगितलं नाही. शामलानंही विचारलं नाही. तो संध्याकाळी यायचा, अंगणातच कपडे काढायचा, आंघोळ करायचा, जेवायचा. दहा वर्षं त्यानं तिथली एकही गोष्ट घरात आणली नाही.

तो गेल्यावर सुमती फिलिप घरी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दफनभूमीच्या कमिटीचं कामकाज त्या बघत. कामठीत त्यांना सगळे टीचरच म्हणत. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की शामलाला त्यांच्यापुढे तोंड उघडायची लाज वाटली. टीचर म्हणाल्या, दुसरा माणूस मिळेपर्यंत फाटक उघडायचं, झाडांना पाणी घालायचं, झाडलोट करायची. खोदायला वेगळी माणसं येतात, ते तुम्हाला करावं लागणार नाही. ऋषिकेश तेव्हाच नाही म्हणाला. तो इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला होता, घर चालत होतं, आईनं मुर्द्यांच्या गावात जाऊन झाडू मारायची काही गरज नव्हती. शामला दोन दिवस घरात बसली. देवरावची खाट उभी करून भिंतीला लावली होती, तिच्याकडे तिची नजर जात राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून गेली.

दुसरा माणूस कधी शोधलाच गेला नाही.

सुरुवातीचे महिने ती भीत भीतच वावरली. आल्याबरोबर लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढून घ्यायची. घरी परतली की सून मिनल दारातच पाण्याची बादली ठेवून उभी असायची. शामला केसांवरून आंघोळ करायची, मग आत जायची, आणि तरी स्वयंपाकघरात पाय ठेवायच्या आधी मिनल तिच्या पायांकडे बघायची. मिनल वाईट नव्हती. लग्नाला चार वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती, आणि ती कशालाही घाबरत होती.

तिथली माणसं शामलाला कळेनात. तिच्या गावात मेलेल्या माणसाचं सगळं लवकर आटपायचं. कपडे वाटून टाकायचे, खाट उभी करायची, नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की हाक जाते, आणि हाक गेली की तो वळून बघतो. इथे उलटंच होतं. माणसं आपल्या मेलेल्यांना भेटायला यायची. दगड साबणाच्या पाण्यानं धुवायची, शेवंती ठेवायची, बाजूला पेपर पसरून बसायची आणि चक्क बोलायची. एक म्हातारा दर रविवारी बायकोला आठवड्याची हकीकत तमिळमध्ये सांगायचा आणि उत्तराला जागा ठेवावी तसा मध्ये मध्ये थांबायचा. शामला झाडू मारता मारता तिथे आली की तिचाही हात थांबायचा. न कळणाऱ्या भाषेतली ती थांबण्याची जागा तिला बरोबर कळायची.

एकदा एका कुटुंबानं वारलेल्या मुलाचा वाढदिवस तिथेच केला. केक कापला. कापलेला तुकडा कागदावर ठेवून शामलाच्या हातात दिला, आणि मुलाची आई तिच्याकडे बघत उभी राहिली. शामलानं तो पदराआड लपवला आणि सगळे गेल्यावर भिंतीपलीकडे टाकला. रात्रभर तिला वाटत राहिलं, की त्या बाईनं ते पाहिलं. पुढच्या वर्षी ती माणसं पुन्हा आली तेव्हा तिनं तुकडा तिथेच उभ्यानं खाल्ला. गोड होता. घशाखाली उतरताना जरा अडकला, एवढंच.

दफनभूमीच्या मागच्या भिंतीशी जुन्या, इंग्रजांच्या वेळच्या कबरी होत्या. छावणीतल्या शिपायांची, साहेबांची माणसं. त्यांना भेटायला कोणीच यायचं नाही. त्यातली एक रांग अगदी लहान, हातभर लांबीच्या दगडांची होती. शामलाला आधी वाटलं, पाळलेले कुत्रे पुरले असतील. तिनं टीचरना विचारलं.

टीचर खाली वाकल्या, चष्मा सारखा केला आणि एकेक दगड वाचत गेल्या. हा जॉर्ज, पाच महिने नऊ दिवस. ही शार्लट, एक वर्ष दोन दिवस. हे जुळे, सतरा दिवस, याचं नाव हेन्री, याचं पुसून गेलंय. उन्हाळा आणि पटकी, टीचर म्हणाल्या, तेव्हा लेकरं जगत नसत.

“दिवस मोजून लिवले?” शामलानं विचारलं.

“हो. सगळ्यांनीच.”

मग टीचर सहज बोलून गेल्या, की या रांगेत देवराव एक काडी गवत वाढू द्यायचा नाही. दुपारची भाकर इथेच खायचा. आम्ही हसायचो त्याला, की इथे कोण बघायला येतं देवराव. तो म्हणायचा, लहान आहेत सगळे.

शामला त्या दिवशी घरी गेली ती जेवलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, तिनं पहिल्यांदा ते रडणं ऐकलं.

मे महिन्यात बारा ते तीन दफनभूमीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. दगड तापून पांढरे होतात, हवा डोळ्यांसमोर हलते. गावाकडे म्हणत, भर दुपारी बाईनं एकटं चिंचेखाली थांबू नये. शामला चिंचेखालीच बसली होती, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन. आधी तिला वाटलं रस्त्यावरच्या टेंपोचा आवाज असेल. मग तो पुन्हा आला. ते नुकत्या जन्मलेल्या लेकराचं रडणं होतं, अजून नीट रडायला न शिकलेल्या लेकराचं, मधेच तुटणारं आणि तुटलेल्या जागेपासून पुन्हा सुरू होणारं. ती उठून लहान दगडांच्या रांगेपर्यंत गेली. आवाज बंद झाला. उन्हात उभं राहून तिनं श्वास रोखला. काही नव्हतं. पण पदराखाली तिची छाती जड झाली होती, दूध भरून आल्यासारखी, आणि तिला त्रेपन्नावं वर्ष चालू होतं.

तिनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? त्यासाठी आधी दुसरी गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती गेल्या तेहतीस वर्षांत तिनं कोणाला सांगितली नव्हती.

त्याच महिन्यात प्रीतीचं बाळ आणलं. प्रीती एका इंग्रजी शाळेत शिकवायची, नवरा रेल्वेत होता. मुलगी तीन दिवस जगली. वाचत नाही असं दिसल्यावर दवाखान्यातल्या एका सिस्टरनंच बाळाच्या कपाळावर पाणी घालून तिचं नाव एस्थर ठेवलं. टीचरनी हे सांगितलं तेव्हा शामलाच्या अंगावर काटा आला. मरणाऱ्या लेकराचं घाईघाईनं नाव ठेवतात! तिच्या लोकांत उलट होतं. नाव ठेवायच्या आत गेलं तर बरं म्हणत. ज्याला नाव नाही त्याला हाक मारता येत नाही, आणि ज्याला हाक नाही ते परत येत नाही.

माती दिल्यावर दुसऱ्या दिवसापासून प्रीती रोज यायला लागली, तेही दुपारी, कारण सकाळी घरी नातेवाईक असत. छत्री नसायची. ती कबरीजवळ तापलेल्या जमिनीवरच बसायची. शामलानं चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी माठातलं पाणी तांब्यात घेऊन ती तिच्याजवळ गेली, आपला ओला दुपट्टा तिच्या डोक्यावर टाकला, आणि आपल्याकडे बाया जे म्हणतात तेच म्हणाली, की विसरून जाय पोरी, दुसरं होईल. प्रीतीनं पाणी प्यायलं. मग ती रागावली नाही, नुसती म्हणाली, “मावशी, विसरायला नाही येत मी इथे.”

शामला जायला उठली, पण गेली नाही.

मग असं रोजच झालं. दोघी चिंचेच्या सावलीत सरकून बसायच्या, जिथून एस्थरची जागा दिसायची. फार बोलणं नसायचं. प्रीती कधी बाळाच्या बोटांबद्दल सांगायची, कधी तिच्या डाव्या कानाजवळच्या केसांबद्दल. तीन दिवसांचं सांगण्यासारखं किती असणार, पण ते संपत नव्हतं. एका दुपारी ती बोलता बोलता थांबली आणि मागच्या भिंतीकडे बघायला लागली. बराच वेळ बघत राहिली.

“मावशी, तुम्हाला काही ऐकू येतं का इथे?”

दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं. मग प्रीतीनं वेगळंच विचारलं, साधं, कोणीही विचारतं तसं. “तुम्हाला किती मुलं?”

या प्रश्नाचं शामलाचं उत्तर ठरलेलं होतं. एक पोरगा. जनगणनेवाल्याला, रेशनवाल्याला, दवाखान्यात, सगळीकडे तिनं तेच सांगितलं होतं.

“दोन,” ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. ऋषिकेशच्या दोन वर्षं आधी तिला मुलगी झाली होती, बोरडीच्या घरात. अकरा दिवसांची होती. बाराव्या दिवशी बारसं होतं. पाळणा टांगला होता, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. पहाटे तिनं लेकराला जवळ घेतलं तेव्हा ते थंड होतं. सासूनं तिच्या मांडीवरून उचलून नेलं. आपल्यात एवढ्या लहानाला जाळत नाहीत, मातीत देतात. देवराव आणि गोपाळराव कापडात गुंडाळून घेऊन गेले. परत आल्यावर देवराव दारात उभ्याउभ्याच म्हणाला, विसरून जाय, आणि बैलांना चारा घालायला निघून गेला. कुठे पुरलं ते बाईला सांगत नसतात, तिनं जाऊन बसू नये म्हणून. भिजवलेले हरभरे गाईला घातले. पाळणा सोडला. महिन्यानंतर त्या घरात असं काही झालं होतं याची एकही खूण नव्हती, फक्त तिच्या अंगावरचं दूध आटायला जास्त दिवस लागले.

प्रीतीनं तिचा हात धरला. शामलाला हे असं कोणी हात धरून बसायची सवय नव्हती. तिनं हात सोडवून घेतला नाही, पण बोटं ताठच राहिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, ती एकटी एसटीनं गोपाळरावकडे गेली. जेवणं झाल्यावर तिनं सरळ विचारलं, पोट्टीले कुठी पुरलं होतं. गोपाळराव साठीचा झाला होता. त्यानं तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला, चप्पल घातली आणि म्हणाला, चल.

जुन्या बोरडीचा रस्ता पाण्यात उतरतो आणि तिथेच संपतो. उन्हाळ्यानं पाणी मागे हटलं होतं, काठाला चिखल फाटून पडला होता. आत पाण्यात वाळलेली झाडं उभी होती, एकही पान नसलेली, टोकांवर पाणकावळे बसलेले. गोपाळराव एका बाभळीकडे बोट दाखवून म्हणाला, तिच्या बुडाशी, नाल्याच्या काठानं. मग त्याचा हात हळूच सरकला. नाही, ती दुसरी, पलीकडची. शामला त्याच्या बोटाकडे बघत होती. ते आणखी एकदा सरकलं, आणि मग त्यानं हात खाली घेतला.

“वहिनी, खरं सांगू का? मले याद नाही. मी मातीत टाकायच्या मिठाची पिशवी धरून उभा होतो, एवढंच याद आहे. दादानं मले खोदू नाही देल्लं. कुदळ फेकली अन् हातानं माती काढून राहिला होता.”

गोपाळराव पाण्याकडे बघत पुढे बोलला. पाणी वाढायच्या वर्षी, गाव उठायच्या आधी, देवराव तीनदा एकटाच या नाल्यावर आला होता. नाल्याच्या काठानं खोदत फिरला होता. गोपाळरावनं विचारलं तेव्हा म्हणाला, तिले इथी बुडू देत नाही. जागा सापडली नाही. नाल्यानं काठ बदलला होता. तिसऱ्यांदा त्यानं कुदळ तिथेच टाकून दिली आणि त्याच आठवड्यात कामठीला निघून गेला.

“तुले सांगू नोको म्हणाला होता,” गोपाळराव म्हणाला. “आता तो नाही, म्हणून सांगतलं.”

परतीच्या गाडीत शामला खिडकीशी बसली होती. बाजूच्या बाईनं तिला दोनदा विचारलं, बरं नाही का. तिला देवराव दिसत होता, वाकलेला, चिखलानं माखलेल्या हातांचा, आणि मग तोच देवराव कामठीच्या भिंतीशी, परक्या लेकरांच्या दगडांमधलं गवत काढत. दहा वर्षं. रोज संध्याकाळी तो तिच्यासमोर बसून जेवला होता, आणि दोघंही एकाच लेकराबद्दल एकमेकांशी बोलली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये सुमती टीचर एक वही घेऊन आल्या. दोन नोव्हेंबरला त्यांच्यात सगळ्या मेलेल्यांचा दिवस असतो. त्या संध्याकाळी दफनभूमी मेणबत्त्यांनी भरते आणि फादर मधल्या मोठ्या क्रुसाजवळ उभं राहून नावं वाचतात. ज्यांच्या कबरी दुसऱ्या गावात आहेत, किंवा कुठेच नाहीत, त्यांचीही. प्रीतीनं टीचरना सांगितलं असावं, कारण त्यांनी वही उघडून नुसतं पेन धरलं आणि वाट पाहिली. फादरना विचारलंय मी, त्या म्हणाल्या, हरकत नाही म्हणाले. नाव काय लिहू?

“नाव नाही तिले.”

“मग ‘शामलाबाईंची मुलगी’ असं लिहू?”

चारशे माणसांसमोर, तिन्हीसांजेला, मेलेल्या लेकराला हाक मारायची. गावातली कोणतीही म्हातारी हे ऐकून कानावर हात ठेवून उठली असती. आणि हाक ऐकून ते आलंच तर कुठे येईल? पाण्यातून, त्या झाडांमधून, इतक्या लांब? तिनं टीचरना दोन दिवस थांबायला सांगितलं. त्या दोन दिवसांत तिनं आणखी एक विचार केला. नाव नसलेल्याला बोलावलं तर गर्दीतून कोणीही येईल. बोलवायचंच तर नावानं बोलवावं. आणि नाव ठेवायचा अधिकार आईचा नसतो, आत्याचा असतो.

देवरावची मोठी बहीण वंदना नंदनवनला मुलाकडे राहायची. सत्तरीला आलेली, गुडघ्यांनी अधू झालेली. शामला सकाळी ऋषिकेशबरोबर इतवारीपर्यंत आली, त्याला मामीकडे जाते असं खोटं सांगितलं, आणि ऑटोनं नंदनवनला गेली. सून बाहेर गेली होती. वंदनाबाई पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. शामलानं शेजारी बसून जुड्या सोडल्या, थोडी मेथी निवडली, आणि मग सगळं सांगितलं. पाणी, गोपाळरावचं बोट, वही. शेवटी म्हणाली, “ताई, तिचं नाव तुमी ठेवा.”

वंदनाबाई म्हणाल्या, मेलेल्याचं बारसं करत नसतात वं, कोणी ऐकलं तर काय म्हणन. त्यांचे हात मात्र थांबले होते.

“मी आली होती नं तवा,” त्या म्हणाल्या. “बारशासाठीच आली होती मी भंडाऱ्याहून. झबलं शिवून आणलं होतं. नाव मी ठरवूनच आणलं होतं शामला. मले कोणी विचारलंच नाही त्याच्यानंतर.”

त्यांनी मेथीचे हात पदराला पुसले. शामलाचं डोकं दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढलं, बारशाला बाळाच्या कानाशी तोंड नेतात तसं तिच्या कानाशी नेलं, आणि कुर्रर्र करून म्हणाल्या, “गोपिका.”

मग रिवाजाप्रमाणे पाठीत धपका घालायचा असतो तो कोणी घातला नाही. वंदनाबाईंनी तिचं डोकं सोडलंच नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, आणि निवडलेली मेथी पलंगावरून खाली पडली.

दोन नोव्हेंबरला शामला सकाळपासून दगड धूत होती. संध्याकाळी माणसं आली, कामठीची, नागपूरची, काही रायपूरहूनसुद्धा. अंधार पडायच्या आत मेणबत्त्या लागल्या. फादरनी इंग्रजीत प्रार्थना म्हटली, मग मराठीत, मग यादी वाचायला घेतली. प्रत्येक नावानंतर लोक एका सुरात काही म्हणत. शामला फाटकाजवळ उभी होती, पाय उचलत नव्हता. प्रीती गर्दीतून मागे आली, तिच्या हातात मेणबत्ती देऊन बाजूला उभी राहिली. एस्थर वाचलं गेलं तेव्हा तिनं डोळे मिटले. आणखी पंधरा-वीस नावं झाली. मग फादर म्हणाले, “गोपिका देवराव झंझाड. अकरा दिवस.”

दिवस टीचरनी लिहिले होते. शामलानं तसं लिहायला सांगितलं नव्हतं.

चारशे परक्या माणसांनी तिच्या मुलीसाठी ते उत्तर म्हटलं. शामलाच्या मानेवर गार हवा आली, कोणी फाटकातून आत यावं तशी. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मेणबत्ती विझली नाही. मेण वितळून बोटांवर आलं तरी तिनं ती खाली ठेवली नाही, आणि शेवटी प्रीतीनंच तिच्या हातातून काढून क्रुसाच्या पायरीवर लावली.

त्या रात्री तिनं ऋषिकेशला सांगितलं. तो एकतीस वर्षांचा होता. त्यानं एवढंच विचारलं, “मले काहून नाही सांगतलं?” आणि उत्तराची वाट न बघता उठून बाहेर गेला. पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. मिनलनं दारात बादली ठेवणं मात्र बंद केलं. त्याबद्दल दोघींत काही बोलणं झालं नाही.

डिसेंबरमध्ये प्रीतीच्या नवऱ्याची बिलासपूरला बदली झाली. जायच्या दिवशी ती सकाळी आली. एस्थरच्या कबरीची किल्ली असावी आणि ती द्यावी तसा तिनं शामलाचा हात हातात घेतला, पण द्यायला काही नव्हतं. शामला तिला म्हणाली, मी बोलत जाईन तिच्याशी, तुझी खबर सांगत जाईन. आणि ती खरंच सांगते. फोन आला की दुसऱ्या दिवशी कबरीजवळ उभी राहून सांगते, आणि मध्ये थांबते.

त्यानंतरच्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऋषिकेशनं दरवर्षीप्रमाणे गच्चीवर पितरांची पानं वाढली. एक आजोबाचं, एक बापाचं. मग खाली जाऊन तो तिसरी पत्रावळ घेऊन आला, लहान, आणि बापाच्या पानाला लागून ठेवली. मिनलनं त्यावर काही न विचारता पुरणपोळी, कुरडई, वाटीत आंब्याचं पन्हं, सगळं वाढलं. शामला जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

कावळे आले. आजोबाचं पान शिवलं, बापाचं शिवलं. तिसऱ्या पानाजवळ एक उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. ते थांबून राहिले. ऊन डोक्यावर आलं. ऋषिकेशनं हात जोडून बहिणीचं नाव घेतलं, एकदा, मग जरा मोठ्यानं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थबकून इकडे बघायला लागली. मिनलचा चेहरा उतरला होता. कावळा शिवत नाही म्हणजे काय, हे सगळ्यांनाच माहीत होतं. ऋषिकेशच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि तो आईकडे बघेना.

शामला पुढे आली. पानाकडे तिनं एकदा पाहिलं.

“अकरा दिवसाच्या लेकराले पुरणपोळी काय समजन, बापा,” ती म्हणाली.

ती खाली गेली. वाटीत कोमट दूध आणि कापसाचा एक स्वच्छ बोळा घेऊन वर आली, पत्रावळीवरचं बाकी सगळं बाजूला सारलं आणि वाटी मधोमध ठेवली. मुलाला आणि सुनेला खाली जाऊन जेवून घ्यायला सांगितलं. मग ती तिथेच बसली, आणि उन्हानं दूध नासू नये म्हणून वाटीवर पदराची सावली धरली.